आनुवंशिक चयापचय विकार आणि गर्भस्थ जीव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तीर्थंकरांच्या पंचकल्याणकांत पहिले स्थान गर्भकल्याणकाचे आहे. मातेला पडलेली स्वप्ने दिगंबर परंपरेत सोळा मानली जातात, श्वेतांबर परंपरेत चौदा. परंतु जन्माआधीच्या त्या काळाला कल्याणक म्हणावे याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत आहे. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात आणखी एक हृद्य प्रसंग येतो. आपल्या हालचालींनी मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. गर्भ हलत नाही असे जाणवताच त्रिशलामाता शोकाकुल झाली आणि तिचा शोक जाणून ते पुन्हा हलले. पोटातल्या जिवाविषयी मातेच्या मनात उठणाऱ्या भयाची अशी दखल धर्मकथेने घेतली आहे. आजच्या विषयाचा प्रारंभ त्या भयापासूनच करणे उचित ठरेल.

एका घराची कल्पना करावी. लग्नानंतर दोन वर्षांनी पहिले बाळ झाले. गुटगुटीत आणि हसरे. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत सारे ठीक होते. पुढे एवढेच लक्षात आले की भांडे पडले, दार वाजले, तरी बाळ फार दचकते. मग ते बसता बसता कलंडू लागले, हाती घेतलेली वस्तू धरेनासे झाले, नजर ठरेनाशी झाली, आकडी येऊ लागली. घरच्यांनी डॉक्टर केले, वैद्य केले, नवस केले. तीन-चार वर्षे अशी गेली आणि बाळ गेले. दुःखाच्या भरात कोणी त्याचे कपडे देऊन टाकले, कोणी औषधांच्या बाटल्या फेकल्या. त्याबरोबर तपासणीचे कागदही गेले. पुढे सून पुन्हा गरोदर राहिली आणि पाचव्या महिन्यात ते कुटुंब आनुवंशिकता विभागात आले. तज्ज्ञांनी विचारले, "पहिल्या बाळाचे निदान काय होते?" उत्तर मिळाले, "ताप डोक्यात गेला असे सांगत होते."

येथेच सारे अडते. गर्भजल काढता येते, त्यातील पेशी तपासता येतात. पण त्यांत काय शोधायचे हे गेलेल्या बाळाकडूनच कळायचे असते. चयापचयाचे ज्ञात आनुवंशिक विकार शेकडोंनी मोजावे लागतात आणि प्रत्येकाचे जनुक व तपासणी वेगळी असते. साध्या सोनोग्राफीत यांतील बहुतेक विकार दिसत नाहीत, कारण गर्भाचे अवयव घडणीने व्यवस्थित असतात. बिघाड असतो तो पेशींच्या आतल्या रसायनात.

हा बिघाड म्हणजे काय? अन्नातून आलेल्या व शरीरात तयार झालेल्या पदार्थांची मोडतोड आणि जुळणी अखंड चालू असते. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे विकर, काम करते. ते तयार करण्याची सूचना जनुकात असते. सूचनेत चूक झाली की विकर तयार होत नाही किंवा अपुरे पडते. मागचा पदार्थ साचत जातो आणि पुढचा मिळत नाही. इंग्लंडमधील वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या विकारावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले होते की अशा अनेक रुग्णांचे आईवडील एकमेकांची चुलत-मावस भावंडे आहेत. मेंडेलचे नियम जगाला नव्याने सापडून दोनच वर्षे झाली होती. 'चयापचयातील जन्मजात चुका' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो गॅरॉड यांच्यामुळेच.

वर वर्णन केलेल्या बाळाच्या विकाराचे नाव टे-सॅक्स. लंडनचे नेत्रवैद्य वॉरन टे यांनी १८८१ मध्ये अशा बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर लाल ठिपका पाहिला. न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स यांनी १८८७ मध्ये त्याचे मज्जासंस्थेशी असलेले नाते मांडले. हेक्सोसअमिनिडेझ-ए हे विकर या मुलांत नसते, हे १९६९ साली सिद्ध झाले. ते नसल्यामुळे एक स्निग्ध पदार्थ मेंदूच्या पेशींत साचत जातो. या विकाराला बरे करणारा रूढ उपचार अद्याप नाही.

असे बहुतेक विकार अप्रभावी प्रकारचे असतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते. अशी व्यक्ती पूर्ण निरोगी असते, तिला वाहक म्हणतात. पती-पत्नी दोघेही एकाच विकाराचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला विकार होण्याची शक्यता चारांत एक. येथे प्रत्येक हा शब्द महत्त्वाचा आहे. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब अनेक सुशिक्षित घरांतही मांडला जातो. निसर्ग मागची वही उघडून पाहत नाही. दर वेळी नवे दान पडते.

दोष सुनेचा, ही दुसरी समजूत. अप्रभावी विकारात सदोष प्रत दोन्ही घराण्यांकडून आलेली असते, मग आरोप एकाच बाजूने का? हंटर सिंड्रोम किंवा ओटीसी या विकराची कमतरता असे काही मोजके विकार मातेच्या एक्स गुणसूत्राद्वारे मुलग्यांत उतरतात, हे खरे. परंतु आपल्या गुणसूत्रांची निवड कोणत्या मातेने केली आहे? बाळ गमावलेल्या स्त्रीला नातेवाइकांच्या बैठकीत 'हिच्या माहेरीच काही असणार' हे वाक्य ऐकावे लागते. अहिंसेचा विचार वाणीपर्यंत नेणाऱ्या समाजात हे चालते, याची नोंद कोठे तरी व्हायला हवी.

काही घरांत 'बाळाचे कर्म' म्हणून विषय मिटवला जातो. नामकर्माच्या उदयाने शरीर घडते, हे शास्त्रवचन मान्यच आहे. परंतु अपकर्षण आणि संक्रमण यांचे विवेचन करणाऱ्या ग्रंथांनी पुरुषार्थाला रजा दिलेली नाही. आणि आहार, औषध, ज्ञान व अभय या चार दानांत औषधदान मोजणाऱ्या परंपरेला रोगाचे कारण शोधणे परके असू नये.

आता हा प्रश्न जैन समाजाला विशेष का लागू होतो, ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५२ हजार होती. त्यांतील सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. मुळात लहान असलेला हा समाज सैतवाल, चतुर्थ, पंचम, कासार, खंडेलवाल, ओसवाल, पोरवाड, हुमड अशा ज्ञातींत विभागलेला आहे आणि सोयरिकी बहुधा ज्ञातीतच होत आल्या. गोत्र टाळले जाते, पण गोत्र वडिलांच्या बाजूने मोजले जाते. जनुके दोन्ही बाजूंनी येतात. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात मामाच्या मुलीशी विवाहाची जुनी चाल आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समाईक असतो. समाज वाईट म्हणून विकार होतो असे मुळीच नाही; लहान वर्तुळात तीच दोन माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, इतकेच.

शेजारच्या गुजरातचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भारतातील टे-सॅक्सग्रस्त मुलांच्या जनुकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात परस्परांशी नाते नसलेल्या काही गुजराती कुटुंबांत एकच जनुकीय बदल आढळला आणि तो एखाद्या दूरच्या समाईक पूर्वजाकडून आला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ही कुटुंबे जैन होती असे त्यातून सूचित होत नाही. परंतु महाराष्ट्रातील अनेक जैन घराण्यांची मुळे गुजरातेत आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गर्भाच्या तपासणीचे मार्ग मुख्यतः दोन. अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत वारेच्या अंकुरांचा अल्पसा नमुना घेतात, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढतात. दोन्ही वेळी सुई सोनोग्राफीच्या देखरेखीखाली जाते. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका शंभरांत एकाहून कमी असतो. पण तो शून्य नाही, हे दांपत्याला आधी सांगितले पाहिजे. मिळालेल्या पेशींत विकराचे प्रमाण मोजतात किंवा कुटुंबात आधीच सापडलेला जनुकीय बदल शोधतात. उत्तर त्या एका विकारापुरतेच असते. 'तपासणी केली, आता मूल सर्वांगाने निर्दोष' असा अर्थ त्यातून काढू नये.

या तपासणीचे नाव निघताच सभागृहात एक अस्वस्थता पसरते. तपासणी म्हणजे गर्भपात असे समीकरण मनात बसलेले असते. ते पूर्ण खरे नाही. गॅलॅक्टोसेमिया या विकारात नवजात बाळाला दुधातील साखर पचत नाही. ज्या बाळाला आईचे दूधच विषासमान, त्याच्याबद्दल जन्माआधी कळले तर पहिल्याच दिवसापासून दुधाविना असलेला आहार देता येतो आणि यकृत व प्राण वाचतात. न कळले तर आजी मोठ्या मायेने दूध पाजायला सांगते आणि बाळ आठवड्याभरात अत्यवस्थ होते. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेले एक उदाहरण तर जैन श्रावकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. मिथाइलमॅलॉनिक आम्ल साचण्याचा विकार गर्भात आढळला. तो बी-१२ जीवनसत्त्वाला दाद देणारा होता. डॉक्टरांनी मातेलाच मोठ्या मात्रेत बी-१२ दिले आणि उपचार जन्मापूर्वी सुरू झाला. अलीकडे, कॅनडातील ओटावा येथे पाँपे नावाच्या विकाराने आधीची अपत्ये गमावलेल्या एका दांपत्याच्या गर्भस्थ मुलीला नाळेच्या रक्तवाहिनीतून सहा वेळा विकर देण्यात आले. २०२२ च्या नोव्हेंबरात ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा ती मुलगी सोळा महिन्यांची होती आणि चालत होती.

बी-१२ चा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर. मांस-अंडी वर्ज्य करणाऱ्या आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या मातेच्या शरीरात हे जीवनसत्त्व कमी असू शकते. तिच्या नवजात बाळाच्या तपासणीत तेच आम्ल वाढलेले दिसते आणि आनुवंशिक विकाराचा संशय येतो. प्रत्यक्षात दोष जनुकाचा नसतो. औषधाने तो भरून निघतो. घाबरून जाण्याआधी मातेच्या रक्तातील बी-१२ तपासावे. अहवाल हाती येताच घरात रडारड सुरू होते आणि ही साधी तपासणी राहून जाते.

तथापि टे-सॅक्ससारख्या विकारांत जन्माआधी कळले तरी हाती उपाय नसतो, आणि मग धर्मसंकट उभे राहते. गर्भधारणेपासूनच जीव आहे, असे जैन दर्शन मानते. गृहस्थाला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्णपणे टळत नाहीत. संकल्पी हिंसेचा मात्र त्याने त्याग करावा, असा दंडक आहे. जाणूनबुजून केलेला गर्भपात कोणत्या वर्गात मोडतो, हे श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, तीन-चार वर्षे क्षणोक्षणी विझत जाणाऱ्या बाळाच्या वेदना आहेत आणि त्या पाहणारी आई आहे. व्यासपीठावरून याचा निवाडा देणे हे उद्धटपणाचे होईल. कायदाही निवाडा देत नाही. तो केवळ मुभा देतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे; त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय घेते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. सासरच्या बैठकीचा ठराव लागत नाही आणि चालतही नाही, ना 'करून टाक' असा, ना 'करू नकोस' असा.

याच सुईची दुसरी कथा सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विकार शोधण्यासाठी निघालेली गर्भजलपरीक्षा मुलगी शोधण्यासाठी वापरली गेली. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम तिच्यावर कायद्याने निर्बंध घातले. केंद्राचा कायदा १९९४ चा, त्यातील मोठी दुरुस्ती २००३ पासून लागू झाली. तरी २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील जैन मुलांत दर हजार मुलग्यांमागे ८७० मुली होत्या. २०११ मध्ये तो आकडा ८८९ झाला. मुंगीला चुकवून पाऊल टाकणाऱ्या समाजाचे हे आकडे आहेत. निरुपाय विकाराच्या गर्भाबद्दल धर्मसंकट वाटते आणि निरोगी मुलीच्या गर्भाबद्दल वाटत नाही, हे कोणत्या अहिंसेत बसते? कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी घातली. चयापचयाचे आनुवंशिक विकार शोधण्यास मात्र नोंदणीकृत केंद्रांत, मातेच्या लेखी संमतीने, स्पष्ट परवानगी ठेवली आहे. ही परवानगी किती मोलाची आहे, हे वरच्या घराला विचारावे.

संकट गर्भधारणेनंतर येते, तर त्याच्या आधीच का थांबू नये? हा प्रश्न एका दुसऱ्या अल्पसंख्य धर्मसमाजाने विचारला. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात सुमारे तिसांत एक व्यक्ती टे-सॅक्सची वाहक असते. डॉक्टर मायकेल कॅबॅक यांनी एका रविवारी, मे १९७१ मध्ये, वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथील सिनेगॉगमध्ये रक्ततपासणी ठेवली. आधी वर्षभर ते धर्मगुरूंना आणि समाजातील ज्येष्ठांना भेटत होते. त्या एका दिवशी अठराशेच्या आसपास लोक आले. पुढील तीस वर्षांत जगभरात चौदा लाखांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि उत्तर अमेरिकेतील ज्यू समाजात या विकाराचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले.

परंतु कर्मठ ज्यूंना गर्भपात मान्य नव्हता, त्यामुळे गर्भाच्या तपासणीचा त्यांना उपयोग नव्हता. न्यूयॉर्कचे रब्बी जोसेफ एक्स्टाइन यांची चार अपत्ये टे-सॅक्सने गेली होती. त्यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' ही संस्था सुरू केली. विवाहयोग्य मुलामुलींचे रक्त तपासले जाते. निकाल कोणालाच सांगत नाहीत, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ सुचले की दोन्ही बाजूंनी क्रमांक कळवायचे. दोघेही एकाच विकाराचे वाहक असतील तरच संस्था तसे सांगते. कोण वाहक, कोण नाही, हे गावाला कळत नाही, म्हणून मुलीच्या नावाला बट्टा लागत नाही. या पद्धतीवर टीकाही झाली; स्वतःच्या शरीराची माहिती माणसापासून लपवणे योग्य नव्हे, असे अनेक वैद्यकतज्ज्ञांचे मत आहे. ते मत विचारात घेण्यासारखे आहे. तरीही, एका श्रद्धाळू समाजाने आपली श्रद्धा न सोडता मुले वाचवली, ही गोष्ट उरतेच.

विवाह झाल्यानंतर दोघे वाहक असल्याचे कळले तर प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून, निर्दोष गर्भच रोपण करण्याचा मार्ग १९९० पासून उपलब्ध आहे. तो खर्चिक आहे, आणि न वापरलेल्या गर्भांचे काय, हा प्रश्न जैन मनाला तेथेही सुटत नाही. दत्तक हा मार्ग आहेच. त्याविषयी समाजात पुरेसे बोलले जात नाही.

ट्रस्टच्या वतीने वधू-वर परिचय मेळावे होतात. परिचय पुस्तिकेत उंची, शिक्षण, वेतन आणि जन्मवेळ छापली जाते. वाहक-तपासणीचा निकाल त्या रकान्यांत कदापि छापू नये. तसे झाले तर ज्या मुलींना वाचवायचे, त्यांचीच स्थळे मोडतील. मेळाव्यात एक खोली आनुवंशिक समुपदेशकासाठी ठेवणे मात्र शक्य आहे. थॅलेसीमियाच्या तपासणीमुळे वाहक हा शब्द तरुणांना नवा राहिलेला नाही. ज्या घरात एखादे बाळ निदानाविना गेले आहे, किंवा जेथे नात्यातच सोयरीक ठरते आहे, त्या घरांना तेथे निर्धास्तपणे जाता यावे. मुंबईचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. धोरणात समाविष्ट आजारांच्या रुग्णांना अशा केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ साली करण्यात आली. खेड्यातील कुटुंबाला तेथवर पोहोचवणे, दोन रात्री धर्मशाळेत उतरवणे, कागद लावून देणे, हे काम ट्रस्ट करू शकेल.

आणि एक काम असे आहे की ज्याला खर्च जवळजवळ नाही. एखादे बाळ कारण न कळता अत्यवस्थ असेल, तर घरच्यांनी डॉक्टरांना विनंती करून त्याच्या रक्ताचा नमुना जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवावा. विशिष्ट शोषक कागदावर वाळवलेले रक्ताचे चार थेंबही पुढे उपयोगी पडू शकतात. बाळ गेले असल्यास आता आईवडिलांच्या रक्तावरून शोध घेता येतो. पण बाळाचा नमुना नसताना त्या शोधाचा अर्थ लावणे फार कठीण जाते. त्या क्षणी आईवडिलांना हे सुचणार नाही. ते सुचवणारे कोणी तरी शेजारी, नात्यात किंवा मंदिरात असावे. बाळाचे सर्व अहवाल एका पाकिटात घालून, वर नाव आणि तारीख लिहून, ते पाकीट घरातील दागिन्यांच्या कपाटात ठेवावे. सून पुन्हा गरोदर राहण्याचा विचार करील, त्याच्या आधी ते पाकीट घेऊन पती-पत्नी दोघांनी तज्ज्ञांकडे जावे. दिवस राहिल्यावर नव्हे, आणि एकट्या सुनेने तर नव्हेच.